ताटाची डावी बाजू

माझी सून मला चटणी वाढत नाही, ही तक्रार मी गावभर केली होती. नवऱ्याकडे केली, लेकाकडे केली, फोनवरून बहिणीकडे केली, रक्तदाब तपासायला येणाऱ्या नर्सबाईंकडेसुद्धा केली. सगळ्यांनी माना डोलावून ऐकून घेतलं. दुखण्यातून उठलेल्या बाईला उलट कोण बोलणार? आणि चटणी मात्र रोज माझ्या ताटात, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली असायची.

आज हे मी हसत सांगते, कारण या दुखण्यावर मी मात केली आहे आणि जिंकलेल्या बाईला थोडी फुशारकी माफ असते. पण ज्यांच्या घरात असं दुखणं नुकतंच आलं असेल, तिथं आत्ता कुणी हसत नसेल. सासू खोटारडी वाटत असेल, सून कजाग वाटत असेल. त्या घरासाठी हे लिहायला बसले आहे.

तो दिवस

कार्ला फाट्याजवळ आमची खानावळ आहे. मोठी नाही. बाकड्यांच्या दोन रांगा, भिंतीला लागून सतरंजी, आणि आत चूल-गॅस. येणारी माणसं रोजचीच: शाळेतले मास्तर, हॉटेलातली कामाची पोरं, रेल्वेतून निवृत्त झालेले आबा. आबांची बायको गेल्यापासून ते दुपारचं आमच्याकडेच जेवतात. स्वयंपाक मी आणि माझी सून रूपाली करतो, पण वाढायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझं. आमच्यात म्हणतात, वाढणारा ओळखीचा असेल तर पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. तो ओळखीचा वाढणारा म्हणजे मी, मंगल. कुणाला रस्सा पातळ लागतो, कुणाला भाताचा वरचा थर नको असतो, हे मला तोंडपाठ.

त्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. रूपाली मागून म्हणाली, "आई, आज भाकरी एका बाजूनं जाड का होतेय?" मी म्हटलं, "तुझी नजर वाकडी झालीय." मग डाव्या हातातली परात निसटली. मी वाकून उचलायला गेले तर हात ऐकेना. रूपालीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. माझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

शेजारीण म्हणाली, "कांदा हुंगवा, तेल चोळा, उतरंल." रूपालीनं कुणाचं ऐकलं नाही. गॅस बंद केला, शेजारच्यांना गाडी काढायला लावली आणि मला आधी लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे आणि त्यांनी सांगताच तिथून तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. माझ्यावर झालेली पहिली कृपा ती. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की तेल-कांद्यात वेळ घालवू नका, एवढं तरी माझं ऐका.

डोळे ठणठणीत

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. औषधं वेळेवर मिळाली. चार दिवसांत डाव्या हातात जीव यायला लागला, तोंड सरळ झालं. मला वाटलं, सुटले.

मग एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी माझ्यापुढे कागद धरला. त्यावर आडव्यातिडव्या पुष्कळ रेघा होत्या. म्हणाले, "मावशी, प्रत्येक रेघेवर एक काट मारा." मी भराभरा काटा मारल्या आणि पेन त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी कागद संदीपला, म्हणजे माझ्या मुलाला दाखवला. तो कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मी कागदाच्या उजव्या अर्ध्यातच काटा मारल्या होत्या. डावीकडे एकही नव्हती.

"डोळे तुमचे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण डोळे फक्त माल आणून टाकतात, मावशी. तो उघडून बघायचं काम मेंदूचं. तुमच्या मेंदूनं डावीकडचा माल उघडायचं सोडून दिलंय."

मी म्हटलं, "मला सगळं दिसतंय. तुमच्या शर्टाला पेनाचा डाग लागलाय, तोसुद्धा दिसतोय."

"कुठल्या बाजूला?"

"खिशाखाली."

"दुसऱ्या खांद्यावर मी काय अडकवलंय?"

मला काहीच दिसलं नाही. त्यांच्या खांद्यावर माझीच शाल होती, असं संदीपनं नंतर सांगितलं. मी त्यालाही म्हटलं, तुम्ही दोघं मिळून मला वेड्यात काढताय.

हे दुखणं असं लबाड आहे. लोक विचारतात, डावीकडे काळोख दिसायचा का? नाही. तुम्हाला आत्ता तुमच्या पाठीमागे काळोख दिसतोय का? पाठीमागे काही दिसत नाही, आणि दिसत नाही याची रुखरुखही लागत नाही. माझी डावी बाजू माझी पाठ झाली होती. जग मला पुरतं वाटायचं. अर्ध्याच जगाला मी पूर्ण समजत होते, मग तक्रार कशाची करणार?

दवाखान्यात दिवस एकाच ठेक्यात जायचे. सकाळी सुई, मग गोळ्या, मग बेचव उपमा, मग व्यायामवाल्या बाई, मग भेटीची वेळ. भेटीला सगळे यायचे, फक्त आमचे मालक यायचे नाहीत. माझ्या मनाला ते फार लागलं. एवढी वर्षं संसार केला आणि या माणसाला माझं तोंड बघवत नाही, असं वाटून मी एकदा रडलेही. एका सिस्टरनं विचारलं, "काय झालं मावशी?" मी सांगितलं. तिनं माझ्या डाव्या बाजूचं स्टूल उचललं, पलंगाला वळसा घातला आणि उजव्या बाजूला ठेवलं. पाठोपाठ मालक येऊन त्यावर बसले.

ते रोज येत होते. बोलायची त्यांना सवय नाही, दिवसाला चार शब्द बोलले तरी खूप. रोज माझ्या डाव्या बाजूला बसून, वेळ संपली की उठून जात होते. मी विचारलं, "हाक तरी मारायची." म्हणाले, "तू रागावलीयस वाटलं. म्हनलं, बसावं गुमान."

तरीसुद्धा माझी खात्री पटली नाही. मला वाटलं, झोपेत असेन.

चटणीचं भांडण

घरी आले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. त्यामुळे ताटात चटणी दिसेना तेव्हा मला वाटलं, रूपालीनं पथ्याच्या नावाखाली बंद केली. लोणचंही नाही, कोशिंबीरही नाही. आजारी माणसाच्या जिभेला चव नसते, तिला चटणीचं बोट लावलं तरी जीव येतो. एक-दोन दिवस गप्प बसले. मग गावभर सांगत सुटले.

रूपाली तळेगावची, शिकलेली, खानावळ एकटीनं ओढत होती. शिवाय माझ्यासाठी वेगळी, मिठाशिवायची जवसाची चटणी कुटत होती. एके दुपारी मी गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "लोकांच्या ताटात दोन दोन चटण्या, आणि सासूला कोरडी भाकरी."

रूपालीच्या हातातला डाव तसाच राहिला. ती माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, ताटात बघा."

"बघितलं. भाजी आहे, वाटीत आमटी आहे. चटणी कुठाय?"

तिनं माझं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि गर्रकन अर्धा फेरा फिरवलं.

चटणी आली. कोशिंबीर आली. लिंबाची फोड आली. कुणी हवेतून आणून ठेवावी तशी. मी अवाक झाले, आणि त्याच दमात म्हणाले, "आणि भाजी कुठं गेली?"

खानावळ हसली. आबांना ठसका लागला. रूपालीही डोळे पुसत हसली. मी मात्र हसले नाही. भाजी होती तिथंच होती, फक्त आता ती माझ्या डावीकडे गेली होती. डॉक्टरांचा कागद, खांद्यावरची शाल, मालकांचं स्टूल, सगळं त्या एका फेऱ्यात मला कळलं. आपल्याकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर ताटात डावीकडेच वाढतात. वाढायची ती रीत मीच रूपालीला शिकवली होती. तिनं ती एक दिवसही चुकवली नव्हती, म्हणून मला चटणी मिळत नव्हती.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "पोरी, मी तुला गावभर बदनाम केलं." ती म्हणाली, "आता गावभर फिरून तोंड गोड करा. पण रस्ता ओलांडताना मला बरोबर न्या."

भीती

आपल्याला काही दिसत नाही हे कळल्यावर खरी भीती सुरू झाली. त्याआधी मी मजेत होते. आता दाराची डावी चौकट खांद्याला लागली की मी दचकून मागे सरकायचे. केस अर्धेच विंचरलेले असायचे, ते रूपाली दाखवून द्यायची. फाट्यावरून गाड्या सुसाट जातात, तिकडे जायची तर हिंमतच होईना.

पण सगळ्यात मोठी भीती एकच होती, ती उघड सांगते. मला परत वाढता येईल का? संदीप प्रेमानं म्हणाला, "आई, आता बसून राहा. लसूण सोल, निवडणं-टिपणं कर." त्याचं बरोबरच होतं, आणि मला ते जिव्हारी लागलं. आयुष्यभर उभं राहून माणसं जेवू घातलेल्या बाईला कोपऱ्यात सुपात लसूण देऊन बसवायचं, म्हणजे तिचं नाव पुसायचं. त्या संध्याकाळी मी मालकांना म्हटलं, "मला वाढता आलं न्हाई तर मी काय कामाची?"

ते उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. मग म्हणाले, "शीक की पुन्ना. पैल्यांदा तरी कुटं येत हुतं तुला? माज्या ताटात खीर सांडलीवतीस."

मीठ, लिंबू, चटणी

तळेगावच्या दवाखान्यात एक थेरपीवाल्या बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "लाल दिसेपर्यंत मान वळवायची. लाल सापडल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही." मेंदू आपण होऊन तिकडे जात नाही, म्हणून त्याला हाताला धरून न्यायचं. रोज नेलं की त्याला वाट पडते. शिवाय डावा हात हलवत ठेवायचा, म्हणजे ती बाजू जागी राहते. रूपालीनं माझ्या डाव्या मनगटात जास्तीच्या बांगड्या भरल्या. बांगड्या वाजल्या की मान तिकडे जायची.

पण लाल पट्टी कागदावर ठीक. ताटात ती कुठून आणणार? मी विचार केला आणि उत्तर ताटातच मिळालं. वाढायला सुरुवात आपण मिठानं करतो. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, खाली चटणी, मग कोशिंबीर. माझ्या हाताला तो क्रम झोपेतही येतो. म्हणून जेवायला बसले की आधी मीठ शोधायचं, आणि मग तोंडानं म्हणत डावीकडे उतरायचं: मीठ, लिंबू, चटणी. ताटात मीठ चिमूटभरच असायचं, तेही खायला बंदी. मी म्हणायचे, मला खायचं नाही, नुसतं बघायचंय.

पहिल्या दिवशी लिंबापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की आमटी निवली. मान दुखायची, डोकं भणभणायचं, चिडचिड व्हायची. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझी मुंगी तर मध्येच बसकण मारायची. पण एके दिवशी भाकरी मोडता मोडता माझं बोट आपसूक चटणीत गेलं. मीठ-लिंबू म्हणायच्या आधीच. मी तिथल्या तिथं रूपालीला हाक मारून दाखवलं.

भाजीचा उपास

मला वाटलं, झालं, गड सर केला. दुसऱ्याच दिवशी पदर खोचून मी खानावळीत वाढायला उभी राहिले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळ्यांना झोकात वाढलं. मास्तर ताटाकडे बघत बसले. शेवटी आबांनी तोंड उघडलं.

"मंगल, आज भाजीचा उपास हाय का?"

भाजीचं पातेलं माझ्या हातात होतं. मी एकाच्याही ताटात भाजी वाढली नव्हती.

मी आत जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. मग मात्र विचार करायला लागले, आणि गंमत वाटली. स्वतः जेवताना चटणी माझ्या डावीकडे. पण वाढताना मी जेवणाऱ्याच्या समोर असते. त्याचं डावं ते माझं उजवं. म्हणून चटणी मला छान दिसत होती, आणि त्याच्या उजवीकडची भाजीची जागा माझ्या डावीकडे येऊन गायब झाली होती. इतकी वर्षं वाढलं, पण वाढणारी आणि जेवणारा एकच ताट उलटसुलट बघतात, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

आता इथं मीठ उपयोगाचं नव्हतं. मग मला डावीकडे धरायला काय आहे? मी आबांना परत बसवलं. म्हटलं, "आबा, जेवा, मी बघते." ते म्हणाले, "बग. पर भाजी वाढून बग." मी त्यांच्याकडे बघत राहिले, मान सावकाश डावीकडे नेली आणि मला त्यांचा हात सापडला. जेवणारा हात. माणूस उजव्या हातानं जेवतो, म्हणजे माझ्यासमोर तो हात कायम डावीकडेच असणार. लाल पट्टीपेक्षा भक्कम खूण, आणि हलणारी.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. जेवताना मीठ शोधायचं, वाढताना हात शोधायचा. हात दिसल्याशिवाय डाव उचलायचा नाही.

लावणी उरकली

मावळात भाताची लावणी एकमेकांच्या मदतीनं होते. आज यांच्या खाचरात, उद्या त्यांच्या. लावणी उरकली की ज्यांनी मदत केली त्यांना घरी जेवू घालायचं, ही आमची रीत. यंदा रूपालीनं विचारलं, "आई, कोण वाढणार?" मी म्हटलं, "मी. आणि माझ्यामागे तपासत यायचं नाही." संदीप काही बोलायला गेला, मालकांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

पडवीत समोरासमोर दोन पंगती बसल्या. मधून चालत गेलं तर डावीकडची अख्खी पंगत मी विसरू शकते, हे मला माहीत होतं. म्हणून प्रत्येकापाशी थांबायचं, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, हात शोधायचा, मग वाढायचं. आधी डावी पंगत पुरी करायची, मग उजवीला हात लावायचा. सावकाश होत होतं, पण घाई कुणालाच नव्हती.

काय हात होते एकेक. दिवसभर चिखलात राहून पांढरे पडलेले, सुरकुतलेले, नखांत काळी माती राहिलेले. प्रत्येक हात मी शोधून काढला, आणि प्रत्येक हातापाशी भाजी पडली. भात आला, आमटी आली, दुसरा वाढा झाला. आबांपाशी आले तर त्यांनी ताटावर पंजा पसरला. "पुरं आता, मंगल. मारतीस का काय?" तो पंजा मला लांबूनच दिसला होता. मी त्यांच्या बोटांच्या फटीतून भाजी वाढली.

पंगत उठली. एकाही ताटात काही राहिलं नव्हतं. संदीपनं माझ्या हातातलं रिकामं पातेलं घेतलं आणि म्हणाला, "आई, लसूण मी सोलीन." त्याला एवढंच सुचलं, आणि मला तेवढंच हवं होतं.

मग आम्ही घरची माणसं बसलो. रूपालीनं दमलेल्या हातांनी भराभरा सगळ्यांना वाढलं. मी ताटाकडे बघितलं. मीठ. लिंबू. मग मी थांबले.

"रूपाली, चटणी कुठाय?"

मालकांनी खाली बघितलं. हात धुऊन आलेले आबा दारातच थबकले. संदीपचा घास हातात राहिला. सगळ्यांना वाटलं, गेली पुन्हा. रूपाली पुढे आली, माझ्यापाशी बसली आणि सवयीनं ताटाच्या कडेला हात घातला, फिरवायला.

आणि तिचे हात तिथंच राहिले. लिंबाच्या खाली नुसतं स्टील चकाकत होतं. ताटाची ती जागा रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे मला दिसत होतं. दुखणं आल्यापासून डावीकडे नसलेली गोष्ट मला पहिल्यांदा नसलेली दिसली.

"आई," रूपाली म्हणाली, "खरंच वाढली नाही. चटणी संपली, तुमच्यासाठी काढून ठेवायची विसरले." आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली, डाव्या खांद्यावर.

मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, डावीकडून उजवीकडे, कुणालाही न वगळता.

"बघा," मी म्हटलं, "मी कवापास्नं सांगतीया, ही मला चटणी वाढत न्हाई."